मान खाली घालणारा आरसा

मोटारीचा रिव्हर्स गिअर पडताच डाव्या बाजूचा आरसा आपणहून खाली झुकतो, मागचे डावे चाक आणि त्याच्या शेजारची हातभर जमीन चालकाला दाखवतो आणि गाडी पुढे निघाली की पुन्हा वर येतो. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत या सोयीला ‘रिव्हर्स टिल्ट’ किंवा ‘ऑटो डिप’ म्हणतात. गॅरेजात ‘आरसा पडतो’ एवढ्यावर भागते. माहितीपत्रकात ती सनरूफच्या बरीच खाली आणि कपहोल्डरच्या जराशी वर छापलेली असते. शोरूममधला विक्रेता तिच्याविषयी सहसा बोलत नाही. सनरूफ उघडले की गिऱ्हाईक वर बघते आणि खूश होते. आरसा झुकवला तर त्याला शोरूमची फरशी दिसते.

झुकण्याचा मान डाव्या आरशालाच का, याचे उत्तर बसण्याच्या जागेत आहे. भारतात चालक उजवीकडे बसतो. चार चाकांपैकी त्याच्यापासून सर्वांत लांब असते ते मागचे डावे, आणि नेमके तेच फुटपाथच्या बाजूला येते. आरसा मुळात मागून येणारी वाहने दिसावीत अशा बेताने लावलेला. त्यात मागचा रस्ता दिसतो, झाडांचे शेंडे दिसतात, स्वतःच्या गाडीची कडही दिसते, पण चाक जमिनीला टेकते ती जागा दिसत नाही. जर्मनीत किंवा अमेरिकेत चालक डावीकडे, म्हणून तिथे मान खाली घालण्याचे काम उजव्या आरशाकडे. काही जपानी गाड्यांत दोन्ही आरसे एकदमच झुकतात.

गाडी वळवत मागे घेताना मागची चाके आतल्या बाजूने कापत येतात, त्यामुळे फुटपाथच्या कडेला पहिली ठोकर तीच देतात. चाके पोलादी होती आणि त्यांवर प्लॅस्टिकच्या टोप्या होत्या तोवर या ठोकरीचे कोणाला फारसे वाटत नसे. टोपी फुटली तर जुन्या बाजारात दुसरी मिळे. अलॉय व्हील आले आणि चाकाच्या कडेवरचा ओरखडा मालकाला रोज सकाळी दिसू लागला. ही सोय माणसांच्या जिवापेक्षा चाकाच्या कांतीची काळजी अधिक करते, हे सुरुवातीलाच मान्य केलेले बरे.

मोटारीतल्या आरशाचा इतिहास तसा थोडका आहे. डोरोथी लेव्हिट या इंग्रज महिला चालकाने १९०९ सालच्या आपल्या पुस्तकात मोटार चालवणाऱ्या स्त्रियांना हातातला छोटा आरसा जवळ ठेवण्याचा सल्ला दिला होता. अधूनमधून तो उचलून मागे कोण येते ते पाहावे, असा. १९११ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या इंडियानापोलिस शर्यतीत रे हॅरून याने मागचे पाहायला माणूस बसवण्याऐवजी गाडीवर आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. विटांच्या धावपट्टीवर आरसा इतका थरथरत होता की त्यात फारसे काही दिसलेच नाही, असे त्याने पुढे सांगून टाकले. इतक्या डळमळीत पायावर उभी राहिलेली परंपरा शंभर वर्षे टिकली, यातच आरशाचे यश आहे.

भारतात गोष्ट आणखी निराळी. एकेकाळी इथल्या कित्येक छोट्या गाड्यांच्या साध्या मॉडेलला डावा आरसा मिळतच नसे. उजवा कंपनी देई, डावा हवा असेल तर मालकाने ॲक्सेसरीच्या दुकानातून बसवून घ्यायचा. बहुतेकांना तो उधळेपणा वाटे. डावीकडे भाचा बसलेला असे आणि “बघ रे, कुणी येतंय का?” एवढे विचारले की काम होई. भाचा “या मामा, या” म्हणे, आणि नंतर जे व्हायचे ते होई. त्या पिढीला डावा आरसा मिळाला तेव्हा तो गल्लीत घासू नये म्हणून तिने तो मिटून ठेवला. आज तोच आरसा आपणहून मान हलवतो. मिटलेल्या स्थितीतही हलवतो आणि दाराचा रंग कसा टिकला आहे ते दाखवतो.

यंत्रणा साधी आहे. आरशाच्या काचेमागे दोन इवल्या मोटरी असतात, एक वर-खाली करायला आणि एक आत-बाहेर करायला. त्या प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांमार्फत काच ढकलतात. काच शेवटच्या टोकाला पोचल्यावरही कोणी बटण दाबून धरले तर मोटर जळू नये म्हणून आत घसरणारा क्लच असतो; दाराजवळ येणारी टक्-टक्-टक् ती त्याचीच. एवढे तर बटणावर हलणाऱ्या कुठल्याही आरशात असते. आपोआप झुकणाऱ्या आरशाला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे आपण आत्ता कुठे आहोत याची जाणीव. ती देणारा सेन्सर नसेल तर खाली गेलेल्या काचेला परत नेमके किती वर यायचे ते कळणार नाही. 

उरला प्रश्न गाडी मागे जाते आहे हे आरशाला सांगायचे कोणी. हाताने गिअर टाकायच्या गाडीत गिअरबॉक्सवर एक स्विच असतो. रिव्हर्स पडला की तो मागचा पांढरा दिवा लावतो. त्याच निरोपावर आरशाचेही काम चालते. ऑटोमॅटिक गाडीत हा निरोप गिअरच्या दांड्याकडून निघून गाडीभर फिरणाऱ्या तारांच्या जाळ्यातून जातो. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे आणलेली कॅन ही पद्धत याच कामाची आहे, आणि एका गिअरची बातमी तिच्यामुळे दिवा, कॅमेरा, आरसा अशी सगळीकडे पसरते. मात्र ऑटोमॅटिकच्या दांड्यात एक गंमत आहे. पार्किंगच्या पी वरून पुढे जाण्याच्या डी वर यायचे तर वाटेत रिव्हर्सचा आर लागतो. आरसा उत्साही असेल तर तेवढ्यातही वाकायला लागतो आणि दांडा डी वर पोचताच अर्ध्यातून सरळ होतो. पाया पडायला वाकलेल्या जावयाला “असू द्या, असू द्या” म्हणून मध्येच उठवावे तसा. हे टाळण्यासाठी काही गाड्यांत आरसा क्षणभर थांबून मगच हलतो.

दारावर आरशाची जी गोल कळ असते तिच्यावर या सोयीची सगळी भिस्त आहे, आणि गोंधळही तिथेच होतो. फोक्सवॅगनच्या घराण्यातल्या गाड्यांत कळ डाव्या आरशावर वळवून ठेवली तरच तो झुकतो. बीएमडब्ल्यूत उलटे: कळ चालकाच्या बाजूला ठेवायची, मग पलीकडचा आरसा खाली येतो. टोयोटा आणि लेक्ससच्या ज्या गाड्यांत ही सोय आहे तिथे कळ डावी-उजवी कुठेही चालते, फक्त मध्ये नको. बहुसंख्य मालक आरसे एकदा लावतात आणि कळ मध्यावर आणून ठेवतात, कारण धक्का लागून आरसा हलू नये हा शहाणपणा त्यांना कोणीतरी शिकवलेला असतो. त्यामुळे पैसे मोजून घेतलेली ही सोय गाडी विकेपर्यंत झोपून राहते.

कळ चुकून डावीकडे राहिली तर मात्र प्रकरण सर्व्हिस सेंटरला जाते. मालकाची तक्रार ठरलेली: “रिव्हर्स टाकला की डावा आरसा गळतो.” काउंटरवरचा माणूस जॉब कार्डावर ‘डावा आरसा सैल, तपासणे’ असे लिहितो. मेकॅनिक गाडीत बसतो, रिव्हर्स टाकतो, आरसा झुकतो. तो गिअर काढतो, आरसा उठतो. मग तो कळ मध्यावर आणतो आणि दार लावून घेतो. संध्याकाळी गाडी परत मिळते तेव्हा दोष दूर झालेला असतो, बिलात ‘ॲडजस्टमेंट’ म्हणून एक ओळ असते आणि दोन्ही बाजू समाधानी असतात.

परत वर केव्हा यायचे, याचेही नियम आहेत. काही गाड्यांत रिव्हर्स काढला की थोड्याच वेळात आरसा सरळ होतो. फोक्सवॅगनसारख्या काही गाड्यांत तो लगेच उठत नाही, गाडी पुढच्या दिशेने ताशी सुमारे १५ किलोमीटरचा वेग गाठेपर्यंत वाट पाहतो. विचार चांगला आहे: जागा लहान असेल तर चालक दोनचारदा पुढे-मागे करणार, तेवढ्यांदा आरशाने उठाबशा कशाला काढायच्या? पण हा आकडा ठरवणाऱ्या अभियंत्याने पुण्याचा लक्ष्मी रस्ता गणपतीच्या खरेदीच्या दिवसांत पाहिलेला नसावा. तिथे पार्किंगमधून निघालेल्या गाडीला १५ चा वेग अलका टॉकीजच्या चौकापर्यंत मिळेलच असे नाही, आणि तोवर डावा आरसा इमानाने डांबराकडे बघत राहतो. कळ फिरवली की तो तत्काळ सरळ होतो. पण कळ फिरवायला लागणारा हात त्या वेळी हॉर्नवर असतो.

झुकलेल्या आरशात काय दिसते याइतकेच त्यात काय दिसत नाही हेही महत्त्वाचे. काच तेवढीच, फक्त नजर खाली वळलेली. त्यामुळे चाक मिळते आणि मागचा रस्ता जातो. डावीकडून वाट काढत येणारा स्कूटरवाला, केळ्यांची हातगाडी, कठड्यावरची कुंडी हे सगळे चौकटीच्या वर राहते. शिवाय मागची बाजू डावीकडे आत जाते तेव्हा गाडीचे नाक उजवीकडे रस्त्यात फेकले जाते, आणि त्याविषयी हा आरसा बोलत नाही. ज्यांचे सगळे लक्ष मागच्या डाव्या चाकात गुंतते त्यांचा पुढचा उजवा बंपर शेजारच्या गाडीला भेटतो.

महाराष्ट्रातल्या सोसायट्यांत या आरशाची खरी गाठ पडते ती वॉचमनशी. गाडी मागे घेणे हे इथे सार्वजनिक कार्य आहे. एसटीचा कंडक्टर खाली उतरून पत्र्यावर थापा मारत बस मागे घेतो, तोच वारसा वॉचमन चालवतो. “येऊ द्या साहेब, येऊ द्या... डावा कट मारा... अजून, अजून... सोडा... सरळ येऊ द्या... बास, बास, बास!” यातला पहिला ‘बास’ सूचना म्हणून असतो, दुसरा इशारा म्हणून, आणि तिसऱ्याच्या वेळी बहुधा आवाज आलेला असतो. तो उभा राहतो मागच्या डाव्या कोपऱ्यापाशी, आणि त्याच्या सगळ्या खुणा छातीच्या वर चालतात. झुकलेल्या आरशात हात दिसत नाहीत, चपला दिसतात. अशा वेळी चपलांवरूनच अर्थ लावावा लागतो. चपला स्थिर असल्या तर जागा आहे, मागे सरकत असल्या तर कमी आहे, आणि एकदम उडी मारून आरशाबाहेर गेल्या तर ब्रेक दाबावा.

युरोपातल्या शहरांत फुटपाथची कड सलग, एका उंचीची आणि जागच्या जागी असते. आरशाची रचना तिला धरून झालेली आहे. इथल्या शहरांत ती कधी सहा इंच, कधी फूटभर, तर कधी पेव्हर ब्लॉक बदलायला काढल्यामुळे ढिगाच्या रूपात असते. म्हणून आपल्याकडे ही सोय निरुपयोगी, असे कोणी म्हणेल. पण त्याने पावसाळ्यात कोकणात गाडी घेऊन जावे. एका गाडीपुरता रस्ता, एका अंगाला जांभ्या दगडाचा गडगा, दुसऱ्या अंगाला गवताने झाकलेले गटार, आणि समोरून आंब्याचा नाही तर सिलिंडरचा टेम्पो. कोणीतरी पडते घ्यायचे असते, आणि टेम्पो ते घेत नाही. मागच्या रुंद जागेपर्यंत गाडी उलटी नेताना साइडपट्टी कुठे संपते आणि गवत कुठे सुरू होते, हे दाखवणारा तो खाली वाकलेला आरसा तिथे सोन्यासारखा कामाला येतो.

हे काम सेन्सरला जमत नाही. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. ते बंपरमधून ध्वनिलहरी सोडतात आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजतात. भिंत, खांब, दुसरी गाडी यांचा प्रतिध्वनी येतो. गटाराचा येत नाही. खड्ड्यात चाक जाईपर्यंत सेन्सर गप्प असतो आणि गेल्यावर बंपर जमिनीजवळ आला म्हणून ओरडतो. रिव्हर्स घेताना भक्तिगीतांच्या चाली वाजवण्याचा देशी उपायही एके काळी जोरात होता. सुरावटीचे हॉर्न १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत निषिद्ध आहेत, तरी आरतीची चाल ऐकू आली की माणसे बाजूला होत, हे नाकारता येत नाही.

कॅमेरा अधिक सरस आहे. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना तो मागे असावाच लागतो. त्याच वर्षी जपानात लेक्सस ईएसला बाजूच्या आरशांच्या जागी कॅमेरे मिळाले. गाडी मागे घेऊ लागले की पडद्यावरचे दृश्य आपोआप मोठे होते, म्हणजे मान न हलवता मान खाली घालण्याचे काम होते. फक्त चिखल उडाला की कॅमेऱ्याला चिखलच दिसतो, आणि कोकणातल्या त्या रस्त्यावर चिखल मुबलक असतो.

किती झुकायचे हा कोन चालकाने स्वतः ठरवायचा असतो. रिव्हर्स टाकून, ब्रेकवर पाय ठेवून, कळीने आरसा हवा तसा लावला की बऱ्याच गाड्या तो लक्षात ठेवतात. महागड्या गाड्यांत ही आठवण सीटच्या जागेबरोबर किंवा किल्लीबरोबर साठवलेली असते. सहा फुटी चिरंजीवांनी लावलेल्या कोनात आईला चाकाऐवजी मागच्या दाराची कडी दिसते. आईने लावलेल्या कोनात चिरंजीवांना निव्वळ डांबर. दोघांच्या किल्ल्या वेगळ्या असल्या तर प्रश्न मिटतो. पण घराघरात दुसरी किल्ली कपाटात दागिन्यांशेजारी असते आणि पहिली सगळ्यांची असते.

ज्यांच्या गाडीत ही सोय नाही त्यांच्यासाठी बाजारात बाहेरून बसवायचे संच मिळतात. त्यांतल्या स्वस्त संचांना आरशाची जागा ओळखता येत नाही. ते रिव्हर्सच्या दिव्याची वायर पकडतात, मोटर ठरावीक सेकंद खाली चालवतात आणि तेवढेच सेकंद वर. बॅटरीचा दाब कमी-जास्त असतो, थंडीत ग्रीस घट्ट होते, म्हणून जाणे आणि येणे अगदी सारखे भरत नाही. प्रत्येक खेपेला केसभर फरक राहतो आणि काही आठवड्यांत आरसा एक तर आकाशाकडे नाही तर गटाराकडे बघू लागतो. तक्रार घेऊन गेलेल्या मालकाला संच बसवणारा कारागीर शांतपणे उपाय सांगतो: “काही नाही साहेब, सकाळी गाडी काढताना हातानं एकदा सरळ करून घ्यायचा.”