सर्वांनी मिळून एकच आकडा कसा बिघडवावा

नवशिक्याने सुरुवात सोप्या कामाने करावी. दुकानाच्या साइटवर पहिल्या १०० गिऱ्हाइकांना सवलत द्यायची आहे. फाइलच्या डोक्यावर 'लेट उरले = १००' लिहावे आणि दर ऑर्डरला एक वजा करावा. एका नोड प्रोसेसमध्ये हे बिनबोभाट चालते. नेमके म्हणूनच ते तसेच ठेवू नये.

सर्व्हरला आठ कोअर आहेत आणि सात रिकामे बसलेत, असे कुणीतरी सुनावतेच. मग क्लस्टर मॉड्यूल आणून आठ वेळा फोर्क करावे. दर वर्कर ही फाइल पहिल्या ओळीपासून नव्याने चालवतो, त्यामुळे प्रत्येकाच्या पदरात स्वतःचे १०० पडतात. सवलत आठशे जणांना मिळते. मालक सोडून सगळे खूश.

यात नवशिक्याचा दोष थोडाच! ३००० क्रमांकाच्या पोर्टवर आठही वर्कर गुण्यागोविंदाने ऐकत असतात. पोर्ट सामायिक, तर आकडाही असेल असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पोर्ट प्रायमरी प्रोसेसने उघडलेले असते आणि आलेले कनेक्शन ती पाळीपाळीने एकेका वर्करला देते. (विंडोजवर ही वाटणी ऑपरेटिंग सिस्टीम करते.) मेमरीची वाटणी कुणीच करत नाही.

मग आकडा प्रायमरीकडे ठेवावा, वर्करनी निरोप पाठवून मागावा. चालते. फक्त निरोप मुळात जेसनमधून जातो, तेव्हा हौसेने अख्खा मॅप पाठवला तर पलीकडे रिकामे महिरपी कंस पोचतात. शेअर्ड अरे बफरच्या नादी लागू नये. ते एकाच प्रोसेसमधल्या थ्रेड्सपुरते आहे.

शेवटी सगळे रेडिसच्या दारात येतात. इथे 'गेट' करून १ वाचावा, अवेट म्हणावे, वजा करून 'सेट' करावा. त्या अवेटच्या फटीत दुसऱ्या वर्करनेही तोच १ वाचलेला असतो आणि शेवटचे कूपन दोघांना जाते. नाइलाज झाला तर नुसते 'डीक्र' वापरावे: रेडिस आज्ञा एकामागून एक चालवतो, त्यामुळे वाचणे-वजा करणे यात कुणी घुसत नाही. उत्तर शून्याखाली आले की गिऱ्हाइकाला नम्रपणे नाही म्हणावे.

डेटाबेसचा पूल हा प्रगत विद्यार्थ्यांचा धडा. नोडच्या नेहमीच्या पोस्टग्रेस पॅकेजमध्ये तो मुळात १० कनेक्शनचा असतो. आठ वर्कर म्हणजे ८०. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १००. म्हणजे सगळे ठीक, असे म्हणून दुसरा सर्व्हर जोडावा.

राहिला रात्रीचा हिशोबाचा मेल. तो सेटइंटरव्हलने पाठवत असाल तर मालकाला आठ जातात. 'इज प्रायमरी' तपासून ते काम प्रायमरीपुरतेच ठेवावे. दोन सर्व्हर झाले की दोन मेल जातील, पण आठच्या सवयीनंतर मालक त्याला सुधारणा समजतो.