चुन्याच्या रेघेपलीकडे

मतदान केंद्रापासून शंभर मीटरवर चुन्याची रेघ मारलेली असते. रेघेच्या आत प्रचार केला तर अडीचशे रुपयांपर्यंत दंड. लोकप्रतिनिधित्व कायदा झाला त्या १९५१ साली ती रक्कम जड वाटत असेल, आज दोघांचा नाश्ताही होत नाही. पण मत देऊन आलेल्यांना ‘कुणाला दिलंत?’ विचारून त्याचा निकाल वेळेआधी जाहीर केला, तर त्याच कायद्याचं कलम १२६ अ: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

रेघेपलीकडच्या टपरीवर मात्र अण्णांचा एक्झिट पोल सकाळी आठलाच तयार असतो. नमुना चार जणांचा, त्यातल्या दोघांच्या बोटाला अजून शाई नाही. त्रुटीची शक्यता विचारलीत तर चहाचे पैसे तुम्ही द्यायचे.

२०२४ च्या लोकसभेला वाहिन्यांनी ४४ दिवस तोंडात गुळणी धरली. १ जूनला साडेसहा वाजले आणि बांध फुटला. बहुतेकांनी रालोआला साडेतीनशेपार नेलं. ४ जूनला २९३ जागा निघाल्या.

वेळेआधी सांगणं गुन्हा आहे. चुकीचं सांगण्याला या कलमात शिक्षा नाही.