नेतृत्वाचा गळीत हंगाम

तरुणांमधून नेते घडवायचे तर त्यांना एकमेकांशी झुंजवावं की एकमेकांच्या मदतीला लावावं, यावर शिक्षणतज्ज्ञांचे परिसंवाद अजून चालूच आहेत. महाराष्ट्राने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला, आणि तोही कुणाला न दुखावता. ज्याचे वडील साखर कारखान्याचे चेअरमन, त्याने सहकारातून पुढे यावं. ज्याचे वडील त्याच कारखान्याचे सभासद, त्याने स्पर्धा परीक्षा द्यावी. दोन्ही अभ्यासक्रम एकाच पंचक्रोशीत सुखाने नांदतात. पहिल्याचा फ्लेक्स लागतो आणि दुसरा त्या फ्लेक्सच्या सावलीत एसटीची वाट बघतो.

पहिल्या अभ्यासक्रमाला प्रवेश परीक्षा नसते. प्रवेश बारशालाच पक्का होतो. मिसरूड फुटायच्या आत मुलाचं पाळण्यातलं नाव मागे पडतं आणि तो अख्ख्या तालुक्याचा ‘दादा’ होतो. सत्तरीचे म्हातारेही त्याला दादा म्हणतात. मग फ्लेक्स. त्यालाही शिस्त आहे. वरच्या कोपऱ्यात ढगांमध्ये आजोबा, मध्यभागी हात जोडलेले वडील, आणि त्यांच्याहून मोठ्या आकारात गॉगल लावून मोबाइलवर बोलणारे दादा. पलीकडे कोण आहे हे आजवर कुणाला कळलेलं नाही, पण कपाळावरची आठी बघता राज्याचा अर्थसंकल्प अडला असावा. तळाला शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, दाटीवाटीने. नेतृत्व म्हणजे काय ते ज्यांना पुस्तकांतून उमजत नाही त्यांनी फक्त फोटोंचे आकार बघावेत.

पुढे प्रात्यक्षिकं. आजोबांच्या नावाचा टेनिस बॉल चषक, वाढदिवसाचं रक्तदान शिबिर (रक्त शुभेच्छुकांचं), जेसीबीतून फुलांची उधळण. पंचविशीत पतसंस्थेचं संचालकपद, मग दूध संघ, बाजार समिती, आणि वडिलांना विधानसभेचे वेध लागले की कारखाना. या सगळ्या प्रवासात विरोधक नावाचा प्राणी भेटू नये, अशी काळजी घरची माणसं घेतात. सहकारात ‘बिनविरोध’ ही सर्वोच्च श्रेणी मानली जाते. दहावीला शंभर टक्के मिळवणाऱ्या पोराला निदान पेपर तरी लिहावा लागतो.

स्पर्धा आणि सहकार यांचं भांडण कायमचं मिटवण्याचा प्रयत्नही आपल्याकडे झालेला आहे. 2020 च्या डिसेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाचा लिलाव झाला आणि बोली दोन कोटी पाच लाखांवर गेली. पैसा मंदिराला. बोली लावताना चुरस, आणि एकदा बोली पक्की झाली की दुसऱ्या कुणी अर्ज भरायचा नाही, ही एकजूट. इतका सुंदर समन्वय कुठल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकात सापडणार? पण राज्य निवडणूक आयोगाला एवढी दृष्टी कुठली! त्याने जानेवारी 2021 मध्ये उमराण्याची आणि तशाच लिलावासाठी नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीची निवडणूकच रद्द करून टाकली.

इथे जुनी माणसं लोणीचा विषय काढतात. काढू द्यावा, तो त्यांचा हक्क आहे. नगर जिल्ह्यातल्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं आणि 1950-51 मध्ये प्रवरेच्या कारखान्याचा पहिला हंगाम झाला. चेअरमन कोण? पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. म्हणजे माणूस ना गावचा, ना भावकीतला, ना कुणाचा जावई. आजच्या छाननीत त्यांचा अर्ज पहिल्या दहा मिनिटांत बाद झाला असता. पुढे ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले म्हणतात, पण त्याने काय होतं? त्यांचा टेनिस बॉल चषक कुठे आहे?

‘एक सभासद, एक मत’ हा नियम मात्र लोणीपासून आजपर्यंत टिकून आहे. फरक इतकाच, की मत कुणाचं ते आता आधी ठरलेलं असतं आणि सभासदाने वार्षिक सभेला येऊन ‘मंजूर, मंजूर’ एवढंच म्हणायचं असतं. विषयपत्रिका वाचून होण्याआधी जो मंजूर म्हणतो तो खरा सहकारी.

आता दुसरा अभ्यासक्रम. याचं विद्यापीठ पुण्याच्या पेठांमध्ये आहे. सदाशिव, नारायण, शनिवार. गल्लीत शिरलं की दर दोन इमारतींमागे एक अभ्यासिका, मेसच्या पाट्या, कॉट बेसिसवर खोल्या. गावाकडे बाप सांगतो, पोरगं पुण्यात ‘कलेक्टरचं’ करतंय. 2024 च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेला सुमारे 9 लाख 92 हजार अर्ज आले आणि शेवटी नावं लागली 1009. उरलेल्यांचं काय झालं हे विचारायचं नसतं. विचारायचं ते ‘या वर्षी किती जागा?’

या परीक्षेच्या शेवटी 275 गुणांची मुलाखत असते. तिथे काय बघतात, हे केंद्रीय लोकसेवा आयोगाने अधिसूचनेत छापलंय, आणि त्यात उमेदवाराची सामाजिक एकोप्याची आणि नेतृत्वाची क्षमता हेही आहे, एका दमात. म्हणजे असं, की पोराने चार-पाच वर्षं लग्न, बारसं, मयत, जत्रा सगळं चुकवावं, मित्राचा फोन उचलू नये, मित्रापेक्षा अर्धा गुण जास्त मिळावा म्हणून पहाटे उठावं. आणि मग अर्ध्या तासात पाच जणांच्या मंडळाला पटवून द्यावं की माझं माणसांशी छान जमतं. यातून जे निवडले जातात त्यांना मसुरीच्या अकादमीत नेतात. तिथल्या पायाभूत प्रशिक्षणात हिमालयातली पदभ्रमंती असते, खेड्यात राहणं असतं. लाखोंना मागे टाकून जो पुढे आला, त्याला सरकारी खर्चाने डोंगरात शिकवायचं की बाबा, मागे पडलेल्यासाठी जरा थांब.

हे सगळं नीट चाललेलं असताना आमच्या ध्यानात एक गडबड आली. दोन्ही अभ्यासक्रमांचे विद्यार्थी नेमका उलटा धडा गिरवताहेत.

अभ्यासिकेत जाऊन बघा. राज्यसेवेच्या जागा काहीशे, अर्ज लाखावर, आणि तरी एकाच्या नोट्सची झेरॉक्स पंधरा जणांकडे. वर्तमानपत्र एक, वाचणारे चौघे, आणि संपादकीय कापून घेणारा पाचवा. मेसचे पैसे थकले तर खोलीतला दुसरा भरतो. जो तीनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परतला, तो नव्या पोरांना राज्यघटना शिकवतो, चहाच्या बदल्यात. कालपर्यंत शेजारच्या खुर्चीवर बसणारी मुलगी राज्यकर निरीक्षक झाली की सगळी अभ्यासिका पेढे खाते, आणि त्या पेढ्यांत जळफळाट असतो त्याहून आनंद जास्त असतो, हे आम्ही खाऊन सांगतो.

या प्रतिस्पर्ध्यांनी 2023 च्या फेब्रुवारीत तर कमाल केली. राज्यसेवेची नवी वर्णनात्मक पद्धत लगेच नको, 2025 पासून लागू करा, म्हणून हजारोंनी पुण्यात रस्त्यावर ठिय्या दिला. अंथरूण तिथेच, अभ्यास तिथेच. एकमेकांच्या जागा हिरावायला आलेली पोरं एका मागणीवर अढळ राहिली आणि राज्य लोकसेवा आयोगाला तारीख पुढे न्यावी लागली. नेतृत्व म्हणतात ते हेच असावं अशी आम्हाला शंका आली होती. पण आंदोलनाचे मोठे फोटो छापून आले ते भेटीला आलेल्या पुढाऱ्यांचे. पोरं दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत परत गेली. महिन्याची फी भरलेली होती.

आणि तिकडे सहकारमहर्षींच्या वाड्यावर? काका विरुद्ध पुतण्या, चुलत विरुद्ध चुलत. एकाचं शेतकरी विकास पॅनेल, दुसऱ्याचं शेतकरी परिवर्तन पॅनेल. दोन्हींच्या पत्रकावर आजोबा एकच, ढगही तेच. बाहेरच्याशी बिनविरोध आणि घरातल्यांशी अटीतटीची, अशी ही लढत चालते. त्यात सभासदाला पाच वर्षांतून एकदा दोन्हीकडचं मटण मिळतं, एवढीच काय ती नफ्याची वाटणी.

पूर्वी या दोन टोकांच्या मध्ये कॉलेजच्या निवडणुका होत्या. तिथे भांडून परत एका कॅन्टीनमध्ये बसावं लागे. 1989 मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला आणि पुढे त्या निवडणुकाच बंद झाल्या. 1994 च्या कायद्याने मग तोडगा काढला: वर्गात ज्याचे गुण जास्त तो वर्गाचा प्रतिनिधी. वर्गातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या मुलाला पुढारी करण्याचा हा प्रयोग जगात दुसरीकडे झाला नसावा. 2016 च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या, 2019 चा मुहूर्त धरला, तर विधानसभा आडवी आली. शिवाय विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने उमेदवाराला 5,000 रुपयांची खर्चमर्यादा घातलेली. एवढ्यात जेसीबीचं डिझेल तरी निघेल का?

या सगळ्या गोंधळावर उतारा म्हणून आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याने युवा नेतृत्व शिबिर घेतलं, आणि त्यात ‘सहकार ही काळाची गरज’ या विषयावर वक्तृत्व स्पर्धा. परीक्षक म्हणून आम्हाला बोलावलं होतं. सहकारावर स्पर्धा कशी, असं विचारायची इच्छा होती, पण मानधनाचं पाकीट आधीच हातात पडलं होतं. एक मुलगी उत्तम बोलत होती. चौथ्या मिनिटाला अडली. समोर बसलेल्या दुसऱ्या स्पर्धक मुलीने, तिच्याच गावच्या, हळूच पुढचा शब्द सांगितला. भाषण पुन्हा वाहू लागलं. संयोजकांनी नियमावली उघडली: बाहेरून मदत घेतल्यास स्पर्धक बाद. घेणारी बाद, देणारीही बाद.

बक्षीस समारंभाला दादा दोन तास उशिरा आले. भाषणाला उभे राहिले, ‘सहकाराचा वारसा’ एवढं म्हणाले आणि थांबले. मागे उभ्या पीएने वाकून पुढचं वाक्य सांगितलं. मग त्याच्या पुढचं. असं साधारण वीस मिनिटं चाललं. नियमावली टेबलावर उघडी होती. संयोजकांनी ती मिटवून त्यावर हार ठेवले.