आई, फ्रिज उघडण्याआधी हे वाचा

रेडिंग,
4 मे

ती. आई व ती. बाबांना,


तिकिटं झाली, व्हिसा आला, आता तुम्ही दोघं खरंच येताय. म्हणून दीड वर्ष फोनवर जे टाळलं ते आज लिहून टाकते. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "अगं बाई" म्हणून फोन बाबांच्या हातात दिला असता आणि बाबांनी स्पीकर लावून अख्ख्या गल्लीला ऐकवलं असतं.

आपल्या घरात पाल आहे. चुकून शिरलेली नाही, आणलेली आहे. तुमच्या नातीने, ओवीने, नवव्या वाढदिवसाला मागितली. कुत्रं-मांजर घरमालकाला चालत नाही. पालीबद्दल भाडेकरारात अवाक्षर नव्हतं. लेपर्ड गेको म्हणतात हिला. पिवळी, अंगभर काळे ठिपके, म्हणून नाव बुंदी. मूळची अफगाणिस्तान-पाकिस्तानकडची. आई, हिच्या पायांना आपल्या घरच्या पालीसारखी पकड नसते, त्यामुळे ती भिंतीवर चढत नाही. म्हणजे अंगावर पडायची नाही आणि पंचांगात फळ बघायला नको. पंधरा-वीस वर्षं जगते, हे मात्र मला दुकानातून घरी आल्यावर कळलं.

पण पत्र बुंदीसाठी नाही, तिच्या ताटासाठी आहे. ती पाला खात नाही, आणि जे हलत नाही ते तिला अन्न वाटतच नाही. एक पाल पाळायची तर तिच्यामागे शे-दोनशे किडे पाळावे लागतात, हे गणित कोणी आधी सांगत नाही.

बाबा, आता जरा बसून वाचा. आम्ही टोळ विकत आणतो. हो, तेच वाळवंटी टोळ. 2020च्या मे महिन्यात, ऐन लॉकडाऊनमध्ये काटोलच्या संत्र्यांवर उतरले होते तेच. तुम्ही तेलाचा रिकामा पिंप बडवत बांधावरून धावत होतात आणि आई मागून थाळी वाजवत होत्या, तो व्हिडिओ आम्ही इथे किती जणांना दाखवला! त्याच टोळांचा डबा इथे साडेतीन पौंडांना मिळतो. चारशे रुपयांच्या आसपास झाले, आणि डब्यात पंधरा-वीस नग. टोळ दिवसाला स्वतःच्या वजनाएवढं खातो म्हणतात. आमचे खातात. परवा कोबीचा गड्डा त्यांनाच गेला, आम्ही पिठलं केलं.

त्यांना ऊब लागते आणि ओल अजिबात चालत नाही. पाला धुतला तर पुसून कोरडा करून घालायचा, नाहीतर डब्याला आतून घाम येतो आणि सकाळी निम्मे उताणे. म्हणून त्यांचा मुक्काम गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या वरच्या फळीवर. जानेवारीत आम्ही घरात दोन-दोन स्वेटर घालून वावरत होतो. टोळ उबेत, आणि बुंदीच्या पेटीत दिव्याखाली बत्तीस अंश. बिल आम्हाला.

बाबा नेहमी म्हणतात ना, गाईच्या तोंडात सरकीची ढेप गेली तर ती दुधात उतरते? इथे त्याला गट लोडिंग म्हणतात. बुंदीला किडा द्यायच्या आदल्या दिवशी त्याला गाजर, हिरवा पाला असं पोटभर घालायचं. उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. एवढं करूनही किड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, त्याने पालीची हाडं मऊ पडतात. म्हणून कॅल्शियमची पूड डब्यात टाकून किडे त्यात घोळवायचे. तुमच्या चिरंजीवांना हे काम फार आवडतं. शंकरपाळ्यांवर पिठीसाखर भुरभुरावी तसे डबा हलवत बसतात. खऱ्या शंकरपाळ्यांना दिवाळीत हात लावला नव्हता.

किडाही मापाचा लागतो. पालीच्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर, त्याहून मोठा नको. ओवी दुकानात पट्टी घेऊन जाते.

टोळांआधी रातकिडे आणत होतो, ते प्रकरण थोडक्यात सांगते. पहिल्या दिवशी मी मायेने त्यांना वाटीभर पाणी ठेवलं, सगळे बुडून मेले. त्यांना तहानही गाजराच्या चकतीतून भागवायची असते. पोट भरलं नाही तर एकमेकांना खातात, आणि उरलेले पेटीत राहिले तर रात्री उलटे पालीलाच चावतात. वास तर विचारू नका. मग टोळांवर आलो. ते निदान गात नाहीत.

राहिल्या अळ्या. मीलवर्म. आई, पिठात अळी दिसली की तुम्ही अख्खा डबा गच्चीवर उन्हात ओतता. इथे त्या मोजून विकत आणायच्या आणि गव्हाच्या कोंड्यात फ्रिजमध्ये ठेवायच्या. थंडीत त्या सुस्त पडून राहतात, बाहेर ठेवल्या तर कोश करून भुंगे होतात. आठवड्यातून एकदा बाहेर काढून बटाट्याची फोड द्यायची आणि जेवल्या की परत आत. मी त्या श्रीखंडाच्या डब्यात ठेवल्या होत्या, झाकणाला भोकं पाडून.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळातल्या एक काकू दूध शोधायला म्हणून फ्रिजपाशी गेल्या. बाई भली. चारचौघींत माझी शोभा नको म्हणून काही बोलल्या नाहीत. गुपचूप डबा कचऱ्याच्या पिशवीत उपडा केला, डबा घासून पालथा घातला आणि निघताना कानात म्हणाल्या, "भाजणी जुनी झाली होती गं, टाकली मी." त्या रात्री आम्ही तिघं टॉर्च लावून तिळाच्या वड्यांच्या कागदांतून अळ्या वेचत होतो. काकू अजून येतात, पण थालीपीठ केलं की त्यांचा उपास असतो.

तेव्हा आई, फ्रिजच्या खालच्या कप्प्यातला लाल चिकटपट्टीचा डबा उघडायचा नाही. टॉवेल मी काढून देईन. आणि बाबा, टोळ दिसले तरी थाळी वाजवायची नाही, शेजारी लहान बाळ आहे.

येताना श्रीखंडाचे रिकामे डबे आणा, अर्ध्या किलोचे. इथले फार पातळ असतात.

ओवीचा साष्टांग नमस्कार.

तुमची सून,
मेधा

ता. क. : जुन्या खेपेतला एक रातकिडा अजून सापडलेला नाही. आवाजावरून तुमच्या खोलीत असावा.