हरकतकाका

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, गुडघेदुखीच्या तेलाखाली आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींवर, मुंगीलाही चष्मा लागावा अशा बारीक टायपात वीजदराची एक जाहीर सूचना छापलेली असते. ती कुणासाठी असते? कायद्याचं उत्तर असं की, तमाम ग्राहकांसाठी. खरं उत्तर सिडकोत एन-सातला राहतं. आम्ही त्यांना हरकतकाका म्हणतो. छत्रपती संभाजीनगरातल्या प्रत्येक वसाहतीत असा एक नमुना असतोच. गारखेड्यात आहे, उस्मानपुऱ्यात आहे, बेगमपुऱ्यात तर दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही, कारण दोघांचीही एकमेकांच्या अर्जावर हरकत असते.

काकांची उभी नोकरी कोषागारात दुसऱ्यांच्या बिलांवर आक्षेप काढण्यात गेली. निवृत्तीनंतर कुणाला भजनाचा नाद लागतो, कुणाला शेअर बाजाराचा. काकांना वीजदराच्या याचिकेचा लागला. पेपर आला की राजकारण, क्रिकेट आणि राशिभविष्य ओलांडून ते थेट सूचनेवर उतरतात आणि लाल पेन्सिलीनं हरकतीच्या शेवटच्या तारखेला गोल करतात. काकू म्हणतात, "माझा वाढदिवस यांना कधी ध्यानात राहिला नाही, पण वीज आयोगाची तारीख बरोब्बर राहती."

करारनामा कसा वाचावा, याबद्दल काकांचं स्वतंत्र शास्त्र आहे. ते शेवटून वाचतात. "पहिल्या पानावर सगळे गोडच बोलतात," काका सांगतात, "करार मोडल्यावर कुणी कुणाला काय द्यायचं, हे आधी बघावं." बाहेरगावच्या माणसाला हा विक्षिप्तपणा वाटेल. पण या शहरानं वीजही कंत्राटावर देऊन पाहिली आणि पाणीही, त्यामुळे इथं ही पद्धत शहाणपणात मोडते.

विजेचा कारभार १ मे २०११ पासून महावितरणनं जीटीएल कंपनीकडे सोपवला. मुदत पंधरा वर्षांची. महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर टपरीवर एकच ओरड झाली, की वीज विकली आणि आता कंपनी मनाला येईल तो दर लावणार. काकांनी कटिंग बाजूला ठेवला आणि वर्ग घेतला. "विकली कुठं? वीज महावितरणचीच. शहराच्या तोंडाशी मीटर लावून कंपनी ती बोलीत ठरलेल्या भावानं घेणार, आणि तुम्हाला देणार आयोगानं ठरवलेल्या दरानं. दर वाढवायचा अधिकार कंपनीला नाही. गळती थांबली, वसुली वाढली, तर मधला फरक कंपनीचा. नाही थांबली तर भोक तिच्याच खिशाला."

"म्हणजे काका, आकडा टाकणाऱ्याचं काय?"

"त्याचं नुकसान आजवर सरकारचं होतं, आता कंपनीचं. म्हणून आता शिडी घेऊन माणसं येतील बघा."

भिवंडीत हाच प्रयोग २००७ पासून टोरंटकडे आहे, तो तिथं टिकला. आपल्याकडे थकबाकीवरून वाजलं आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये महावितरणनं कारभार परत घेतला. पंधरा वर्षांचा संसार साडेतीन वर्षांत आटोपला. "मी म्हणलो होतो," काका म्हणाले. हे वाक्य ते कुठल्याही निकालानंतर म्हणतात, त्यामुळे ते नेमकं केव्हा म्हणाले होते, हे कुणी विचारत नाही.

पाण्याचंही तेच. 'समांतर' या चार अक्षरांवर या शहरात भाऊबंदकी होऊ शकते. जायकवाडीहून समांतर जलवाहिनी आणायची आणि शहराचं पाणी वीस वर्षं खासगी कंपनीनं सांभाळायचं, असा करार २०११ साली झाला. कंपनीनं ताबा घेतला सप्टेंबर २०१४ मध्ये आणि २०१६ साली महापालिकेनं करारच मोडला. जलवाहिनी कागदावर समांतर राहिली, म्हणजे शहराला कुठंही मिळाली नाही. पाणीपट्टी मात्र दरवर्षी दहा टक्क्यांनी चढायची ठरली होती, ती नेमानं चढली आणि अर्ध्या इंची नळाला वर्षाला ४,०५० रुपयांवर जाऊन बसली. कंपनी गेली, करार गेला, चढलेला आकडा तेवढा राहिला.

इथं काकांच्या आत झोपलेलं कोषागार जागं झालं. नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं असं धरलं, तर वर्षात ७३ पाळ्या. ४,०५० भागिले ७३, म्हणजे एका पाळीला ५५ रुपये ४८ पैसे. हा हिशेब त्यांनी महापालिकेला दिलेल्या अर्जात मांडला आणि ४८ पैशांखाली दोनदा रेघ मारली. अर्जात इतिहासही घातला: सतराव्या शतकात मलिक अंबरनं नहर आणली, तेव्हा ना करारनामा होता ना जाहीर सूचना, तरी पाणी आलं. बेगमपुऱ्यातल्या एका काकांनी लगेच हरकत घेतली, की नहर आमच्या भागातली, तिचा उल्लेख करण्याआधी विचारायला हवं होतं.

मग २०२२ च्या मे महिन्यात पाणीपट्टी निम्मी झाली, २,०२५ रुपये. सगळी गल्ली खूश. काका मात्र दोन दिवस सुतकात असल्यासारखे. हरकत घ्यायची कशावर? तिसऱ्या दिवशी सापडलं. "निम्म्यात भागत होतं, तर आजवर दुप्पट का घेतली?" काकांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला.

गल्लीला काका खरे आठवतात ते सुरक्षा ठेवीच्या दिवसांत. उन्हाळ्यात नेहमीच्या बिलासोबत दुसरा कागद येतो आणि बायाबापडे तो घेऊन काकांच्या ओट्यावर जमतात.

"काका, हे दुसरं बिल कशाचं हो?"

"बिल नाही, ठेव आहे. वर्षाच्या वापराची सरासरी काढतात अन् दोन महिन्यांच्या बिलाएवढी रक्कम जमा ठेवायला लावतात. वापर वाढला की ठेव वाढती. तिच्यावर व्याज मिळतं, अन् जोडणी बंद करताना पैसे परत."

"मग बंद करतानाच भरतो की!"

यावर काकांकडेही उत्तर नसतं. ते हा मुद्दा वहीत टिपून घेतात.

काकांची खरी दिवाळी म्हणजे जनसुनावणी. वीज नियामक आयोग मुंबईहून विभागीय आयुक्त कार्यालयात येतो. काका इस्त्रीचा सदरा, कापडी पिशवी आणि चष्म्याची जादा जोडी घेऊन तासभर आधी हजर. वाळूज-चिकलठाण्याचे उद्योजक येतात, जालन्याचे पोलादवाले येतात, त्यांचे सल्लागार पडद्यावर आलेख दाखवतात. शेतकरी कृषिपंपाच्या बिलाची घडी उलगडतात. मग काकांचा पुकारा होतो. वेळ मोजून मिळतो आणि त्यातला निम्मा 'सन्माननीय आयोग' म्हणण्यात जातो. उरलेल्या निम्म्यात ते विचारतात, "वीज गेली की पंखा थांबतो, टीव्ही थांबतो, मोटार थांबते. स्थिर आकार तेवढा का थांबत नाही?" मागच्या रांगेतून टाळ्या पडतात. महावितरणचे अधिकारी नम्रपणे टिपून घेतात. तारा, खांब आणि रोहित्रं वीज नसतानाही पोसावी लागतात, असं उत्तर येतं. उत्तर बरोबर असतं. काकांना ते माहीतही असतं. पण ते अधिकाऱ्याच्या सहीनं लेखी मिळावं, ही त्यांची हौस.

पुढे शेकडो पानांचा आदेश निघतो. त्याच्या परिशिष्टात हरकत घेणाऱ्यांची यादी असते. पुतण्याच्या लग्नपत्रिकेत नाव बारीक छापलं म्हणून जेवणाआधी उठून गेलेला हा माणूस परिशिष्टातल्या त्याहून बारीक नावासाठी गल्लीत पेढे वाटतो. २८ मार्च २०२५ च्या आदेशात तर दर चक्क उतरले होते. काकांनी पेढ्यांऐवजी बर्फी आणली. बर्फी संपायच्या आत महावितरणच्या फेरविचार अर्जावर आदेशाला स्थगिती आली आणि २५ जूनला सुधारित आदेश निघून १ जुलैपासून नवे दर लागू झाले. "बर्फीचे पैसे कुठल्या शीर्षाखाली दाखवू?" काकूंनी विचारलं. काका म्हणाले, "इंधन समायोजन."

काकांच्या अर्जामुळे एखाद्या युनिटचा पैसाभर दर उतरला, असा पुरावा काकांच्या फाइलीतसुद्धा नाही. आम्ही त्यांना हसतो ते त्यामुळेच. पण वीज कायदा २००३ चं कलम ६४ सांगतं, की लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेतल्यावरच आयोगानं दराचा आदेश द्यायचा. काकांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सरकारी कागदावर उमटतं. आपण टपरीवर घातलेल्या शिव्यांचं उमटत नाही. शहरातल्या बाकी सगळ्यांनी न वाचलेला कागद हा एक माणूस सगळ्यांच्या वतीनं वाचतो, आणि त्याचं मानधन म्हणून आपण त्याला नाव ठेवतो.

हरकत घ्यायला वकील लागत नाही. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक आणि एक धड मुद्दा पुरतो. अर्ज मराठीत चालतो. काकांची सत्तरी उलटली आहे आणि बेगमपुऱ्याचे दोघेही आता थकले. तेव्हा पुढच्या सूचनेच्या वेळी एक अर्ज तुम्हीही द्या. काकांची त्याला अर्थातच हरकत असेल, ती मनावर घेऊ नका.