थोरला बी, धाकटा बी

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास गेली सहा वर्षं 'लवकरच' होतोय. या खेपेला तो अडला फ्लॉप्यांवर. १९९९ ते २००३ या काळातली इतिवृत्तं तेव्हाच्या उत्साही सेक्रेटरींनी संगणकावर टाइप करून चाळीस फ्लॉप्यांत भरली आणि कागद रद्दीवाल्याला दिले. बिल्डरच्या वकिलाला आता नेमकी तीच हवी आहेत. बिस्किटांचा पत्र्याचा डबा कमिटीच्या टेबलावर आला. प्रत्येक फ्लॉपीवर पेन्सिलीतलं सुवाच्य अक्षर: 'पार्किंग वाद, ३/७'.

मी एकदा चेअरमनकाकांचा वायफाय बंद करून पुन्हा चालू केला होता. त्या पुण्याईवर मला संगणकतज्ज्ञ नेमण्यात आलं. फ्लॉपी वाचणारं यूएसबीचं यंत्र मी आणलं. त्याच्या खोक्यावर छापलं होतं, १२ एमबीपीएस. खजिनदारकाका बँकेतून निवृत्त. त्यांनी मेंटेनन्सच्या पावतीमागे हिशेब मांडला. एका फ्लॉपीत १.४४ एमबी, चाळीस फ्लॉप्यांचे ५७.६, भागिले बारा. "चार पूर्णांक आठ सेकंद! चहा सांगू नका, तेवढ्यात होऊन जाईल."

मी म्हटलं, काका, खोक्यावरचा बी धाकटा आहे, तो बिट. फ्लॉपीवरचा थोरला, तो बाइट. आठ धाकटे मिळून एक थोरला. इंग्रजीत ते लहानमोठ्या अक्षरावरून कळतं, पण आपल्या समतावादी देवनागरीत सगळे बी एकाच उंचीचे. चिटणीसबाईंनी इतिवृत्तात दोन्हीकडे 'एमबी' लिहिलं आणि आठपटीचा फरक तिथंच मिटला. लेखापरीक्षकालाही सापडला नसता.

बाराचे दीड झाले. अडतीस सेकंद.

"म्हणजे आठाने भागायचं, एवढंच ना?" काकांना सूत्र हवं होतं. तेही देता येईना. सीरियल पोर्टवर ९६०० बिट आले की अक्षरं ९६०च, कारण प्रत्येक अक्षरापुढे एक बिट 'आलो' सांगायला आणि मागे एक 'निघालो' सांगायला. पहिल्या साटा केबलचे दीड गिगाबिटही दहानेच भागायचे, तेव्हा १५० मेगाबाइट हाती लागतात. दर आठ बिटांना तिथं दहांचा पोशाख चढवून पाठवतात. "आठावर दोन म्हणजे पंचवीस टक्के," काका कळवळले, "सरकारसुद्धा अठरात भागवतं."

तोवर चेअरमनकाकांनी मोबाइलवर १.४४ ची फोड करायला घेतली होती आणि आकडा जमत नव्हता. जमणारच नाही. फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट असतात. हजार-हजारने भागलं तर १.४७ येतात, १०२४ ने दोनदा भागलं तर १.४१. १.४४ येण्यासाठी एकदा १०२४ ने आणि एकदा हजाराने भागावं लागतं. हा मेगाबाइट जगात फक्त फ्लॉपीवर राहतो.

सभेत एकच गृहस्थ शांत होते. ए विंगमधले आजोबा, वय ब्याण्णव. म्हणाले, "यात नवीन काय? दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. सगळं दुपटीदुपटीनं. मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. आणि वर वीस मणांची खंडी. आमचा वाणी तोंडी करायचा." आयुष्यात संगणकाला हात न लावता आजोबांना फ्लॉपी कळली होती.

या गोंधळावर १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने तोडगा काढला होता: १०२४ वाल्यांना किबीबाइट आणि मेबीबाइट म्हणा. चिटणीसबाई म्हणाल्या, "मेबी? म्हणजे यांचंही नक्की नाही?"

डब्याच्या तळाशी तीन सीडीही निघाल्या. सीडी ड्राइव्हवर लिहिलेलं असे ५२ एक्स. सीडीचा एक एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट, तर डीव्हीडीचा एक एक्स त्याच्या नऊपट. त्यामुळे १६ एक्सची डीव्हीडी ५२ एक्सच्या सीडीला आरामात मागे टाकते. शिवाय ते बावन्न फक्त बाहेरच्या कडेला, आणि सीडी भरत येते आतून बाहेर. आमच्या सीड्या अर्ध्याच भरलेल्या होत्या. म्हणजे पैसे बावन्नचे मोजले आणि बावन्न कुणी पाहिलेच नाहीत. पुनर्विकासातल्या कार्पेट एरियाचंही असंच असतं, पण तो विषय पत्रिकेवर नव्हता.

राहिला मुद्दा केबलचा. केबल कितीही धावो, फ्लॉपी आपली मिनिटाला ३०० फेऱ्या मारते, सेकंदाला पाच. एका फेरीत १८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. सेकंदाला ४५ किलोबाइट, १०२४ वाले. दोन्ही बाजूंचे मिळून १६० ट्रॅक, म्हणजे एका फ्लॉपीला किमान बत्तीस सेकंद. चाळीस फ्लॉप्यांना एकवीस मिनिटं वीस सेकंद. चहा सांगितला गेला.

लागले तीन आठवडे. पावसाळ्यांनी काही चकत्यांवर पांढरी बुरशी चढवली होती. पत्र्याची झडप सरकवली की दिसायची. यंत्र एकाच ट्रॅकवर खर्र-खर्र करत अडायचं, आणि काका घड्याळ लावून दर काढायचे: "आज शून्य. थोरला शून्य की धाकटा?" अखेर एकतीस फ्लॉप्या उतरल्या.

पहिली फाइल सर्वांसमोर उघडली. पडद्यावर टोप्या, टिंबं आणि शेपट्या लावलेली रोमन अक्षरं. इतिवृत्त मराठीतच होतं, पण युनिकोडच्या आधीच्या फाँटात, आणि तो फाँट त्या जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेला होता. आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कुणी बोललं नाही. मग काकांनी ठराव मांडला:

'सोसायटीचे ४४.६४ एमबी दप्तर सुस्थितीत प्राप्त झाले.' सूचक खजिनदार, अनुमोदक चेअरमन. बी कुठला, ते चिटणीसबाईंनी विचारलं नाही.