तारकाका

माणूस ५३व्या वर्षी गुडघ्यांच्या मागे लागतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दातांच्या मागे लागले. पार्किंगमध्ये स्कूटरचं चाक पिवळ्या पट्ट्याबाहेर आलं की नोटीस लावणारा हा माणूस; पण तोंडातला सुळा चाळीस वर्षं रांग सोडून उभा होता, तो कसा खपवून घेतला कोण जाणे. लेकीच्या लग्नाचा अल्बम आला. पानोपानी वधूपित्याच्या आधी सुळाच हजर. काका तडक ऑर्थोडॉन्टिस्टकडे गेले आणि दातांना तारा लावून आले.

तेव्हापासून लिफ्टची तक्रार घेऊन जावं, तर निकेल-टायटॅनियम ऐकून परतावं. "मूळचा अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतला बरं का हा मिश्रधातू! कसाही वाकवा, तोंडाच्या उबेनं पुन्हा मूळ आकारावर येतो." लगेच ओठ वर. समोरच्याच्या हातात चहा-पोहे असले तरी. दात सरकतो त्या बाजूचं हाड झिजतं, मागे नवं भरतं, वेग महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर; हे सगळं अशा थाटात सांगतात, जणू कमिटीनेच ठराव पास केलाय. लोकांशी बोलताना हल्ली ते डोळ्यांत बघत नाहीत, जबड्यात बघतात. परवा वॉचमनला म्हणाले, "तुमचे खालचे दात फार गर्दी करतायत."

पहिल्या खेपेला त्यांनी पारदर्शक रबरी कड्या लावून घेतल्या. काकूंच्या आमटीने चार दिवसांत त्या हळदीला लागल्या. दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवरची सातवीतली मुलगी म्हणाली, "काका, नेव्ही ब्लू घ्या, डाग दिसत नाहीत." तिच्या तारा सहा महिने आधीच्या, म्हणून काका तिला 'सीनियर' म्हणतात आणि तिचं ऐकतात. काकूंचं इतकं कधी ऐकल्याचं आठवत नाही.

चकली, चिक्की, भडंग बंद. संक्रांतीचा तिळगूळ खिशात जातो. तार आवळली की दुसऱ्या दिवशी गुरगुट्या भात, आणि गालाला तारेचं टोक टोचतं म्हणून मौन.

ही मौनाची तारीख काका स्वतःच सगळ्यांना आधी सांगून ठेवतात. यंदा कमिटीने सर्वसाधारण सभा नेमकी त्याच संध्याकाळी ठेवली. काकांनी तीन वर्षं अडवलेलं गच्चीचं वॉटरप्रूफिंग दहा मिनिटांत मंजूर झालं. काकांनी गालावर हात दाबत चिठ्ठी सरकवली: 'माझा विरोध नोंदवावा. बिस्किटं चहात बुडवून द्यावीत.'